दुसऱ्या खड्ड्यातला बंकर

बंकर म्हणजे सैनिकाने भूमातेशी केलेला करार होय. तो तिला घाम देतो, ती त्याला आसरा देते, आणि त्या दोघांत तिसऱ्याला शिरकाव नसतो.

हे वाक्य काळू मेजर संडासाच्या खड्ड्यात बसून म्हणत असे.

खड्डा वापरातला नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं; नाहीतर पुढचं सगळं नाक धरून वाचावं लागेल. सरकारी योजनेतल्या संडासाला दोन खड्डे असतात. दोन्हींच्या मध्ये एक चेंबर असतं. पहिला खड्डा भरला की चेंबरमधली वीट इकडची तिकडे करायची आणि वाट दुसऱ्या खड्ड्याकडे वळवायची. म्हणजे पहिला भरेपर्यंत दुसरा नुसताच असतो. सरकारने दिलेल्या आणि नुसत्याच असणाऱ्या वस्तू आंबेखुट पाड्यात आणखीही होत्या, पण बसता येण्याजोगी ही एकच.

काळू सैन्यातून सुटला तो लान्स नाईक म्हणून. पण आमच्या भागात सैन्यातून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. त्याच्या खालची पदं तलासरी नाका ओलांडून आत येत नाहीत. सतरा वर्षं नोकरी केल्यावर त्याच्याकडे एक लोखंडी ट्रंक, एक पेन्शनचं पुस्तक आणि हुकूम सोडण्याची सवय होती. हुकूम ऐकायला घरात मुलगा नविन होता, तो उंबरगावच्या कारखान्यात पाळीला जायचा आणि उरलेला वेळ झोपायचा. सून शितल होती, ती जागी असायची.

संडास शितलमुळे आला. त्याआधी पाड्यातल्या बायका मागच्या चिकूच्या वाडीत जात. वाडी डहाणूच्या एका शेटची. शेटने एके वर्षी तारेचं कुंपण घातलं आणि राखणदार ठेवला. राखणदाराला बॅटरी दिली. ती बॅटरी चिकूवर कमी आणि बायकांवर जास्त पडू लागली, तेव्हा शितलने मुलीला, निलमला, काखोटीला मारलं आणि ती माहेरी, गंजाडला, निघून गेली. जाताना ओटीवर बसलेल्या सासऱ्याला सांगून गेली.

“संडास झाला की निरोप धाडा. नाही झाला तर धाडू नका.”

चार महिने निरोप गेला नाही. मग २०१७ च्या जानेवारीत योजना आली. खड्डे खणायला माणूस मिळेना, तेव्हा काळूने स्वतः कुदळ घेतली आणि दीड दिवसात दोन्ही खड्डे खणून दिले. चार फूट खोल सांगितले होते. त्याने साडेपाच फूट खणले, कारण हात थांबेना. धाकल्या नावाच्या गवंड्याने आतून विटांचं गोल बांधकाम केलं, पाणी जमिनीत मुरावं म्हणून विटांत भोकं ठेवली, वर सिमेंटची झाकणं ठेवली. निरोप गेला. शितल आली. तिने आभार मानले नाहीत आणि काळूनेही तशी अपेक्षा ठेवली नव्हती, त्यामुळे महिनाभर घर बरं चाललं.

बिघडलं ते ओटीवरून. शितल कोसबाडला शिवणकाम शिकून आली होती. तिने शिलाई मशीन घेतलं, ते उजेडाला म्हणून ओटीवर मांडलं, आणि काळूची खाट उचलून बकऱ्यांच्या शेडला लावली.

“इथे मी बसतो,” काळू म्हणाला.

“तिथे बसा. बकरी पण दिवसभर चघळत असते, तुम्ही पण. एकमेकांना सोबत होईल.”

काळूने तीन दिवस बकरीची सोबत केली. चौथ्या दिवशी त्याने दुसऱ्या खड्ड्याचं झाकण अर्धं सरकवलं, शिडी लावली आणि आत उतरला. फेब्रुवारी संपत आला होता, वर ऊन चटके देत होतं आणि खाली गारवा होता. संध्याकाळी तो वर आला तेव्हा त्याने जाहीर केलं की हा खड्डा नाही, बंकर आहे.

पाड्यात कोणाला हरकत नव्हती. शितलला होती, पण तिला बंकरची नव्हती, माणसाची होती, आणि माणूस दिवसभर जमिनीखाली राहत असेल तर ते एका परीने बरंच होतं.

अडचण ही की काळू तेवढ्यावर थांबला नाही. तो शिकवू लागला. खड्ड्याच्या काठावर जो कोणी येईल त्याला खालून व्याख्यान मिळे. लांबलचक खणतात तो खंदक. एकट्याने घाईघाईत उकरून बसायचं ते नुसतं बीळ. डोक्यावर छप्पर असेल, छपरावर माती असेल आणि आत माणूस आठवडाभर राहू शकत असेल, तरच तो बंकर. मग त्याने ताडाचे वासे आणून झाकणाच्या उघड्या भागावर टाकले आणि त्यांवर माती थापली, म्हणजे व्याख्येला धक्का नको. धाकल्याने विटांत ठेवलेल्या भोकांना तो टेहळणीची भोकं म्हणे. भोकांच्या मागे माती होती. काळू ती तासन्‌तास न्याहाळत असे आणि संध्याकाळी वर येऊन सांगत असे, “हालचाल नाही.”

“खाली माती हालली तर आम्हाला पण सांग हां, काळ्या,” शेजारची मैना म्हातारी म्हणायची. ती काळूपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी होती आणि त्याला मेजर म्हणत नसे. “आम्ही पळू तरी.”

मार्चमध्ये शितलने चहा बंद केला. चहा हवा असेल त्याने चुलीपाशी यावं, भांडं घेऊन खड्ड्याशी वाकायला तिला सवड नाही, असं तिने मशीनवरून न उठता सांगितलं. काळूने याला रसद तोडणे म्हटलं आणि स्वतःचा स्टोव्ह खाली नेला. मग तिने कपडे धुवायचा दगड हलवला. तो पूर्वी आंब्याखाली होता, आता बंकरच्या वरच्या अंगाला आला, आणि साबणाचं पाणी उताराने जाऊन ताडाच्या वाशांतून काळूच्या डोक्यावर ठिबकू लागलं.

“मुद्दाम करतेस तू,” खालून आवाज आला.

“हो,” शितल म्हणाली.

काळूने खताच्या रिकाम्या गोण्या गोळा केल्या, मातीने भरल्या, तोंडं शिवली आणि बंकरभोवती रचल्या. गोण्या चौदा झाल्या. पाणी येत होतं ते पहिल्या खड्ड्याच्या बाजूने, म्हणून त्या बाजूला तीन थर झाले, आणि ते तीन थर दोन खड्ड्यांमधल्या चेंबरवर बसले. तेव्हा हे कोणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात येण्यासारखं काही नव्हतंच. चेंबर म्हणजे हातभर लांबीची एक फरशी.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात संडासातलं पाणी जाईना. एक बादली ओतली, भांडं भरलं आणि तसंच राहिलं. दुसरी ओतली, तेव्हा शितल बाहेर आली आणि तिने सासऱ्याला हाक मारली.

“पहिला खड्डा भरला. दुसरा सोडायला लागेल. तुमचं सामान काढा.”

“दुसरा नाही. बंकर आहे.”

“बाबा, तो संडासाचा खड्डा आहे.”

“होता. आता त्यात माणूस आहे. माणूस असलेल्या जागेला खड्डा म्हणत नाहीत.”

“मग काय म्हणतात ते माहिती आहे मला. माणूस बघून ठरतं.”

नविन पाळीवरून आला, त्याला दोघांनी आपापली बाजू सांगितली. त्याने दोन्ही ऐकल्या, “बघू” म्हणाला आणि झोपला. गोण्या उचलून बघावं असं त्याच्या मनात आलं नाही. खड्डा भरला हे सगळे धरूनच चालले होते: शितल, कारण तिला काळूला बाहेर काढायचं होतं, आणि काळू, कारण शत्रूचं संकट खरं असल्याशिवाय बंकरला अर्थ नसतो.

शितल पुन्हा चिकूच्या वाडीच्या कडेला जाऊ लागली, उजाडायच्या आत. पाडा दोन महिन्यांपूर्वीच हागणदारीमुक्त घोषित झाला होता. तसा फलक रस्त्यावर लावला होता, आणि फलक खोटा पडू नये म्हणून गुड मॉर्निंग पथक फिरत असे. पाचव्या दिवशी पथकाने शितलला फलकाच्या मागेच गाठलं. पथकात चार माणसं होती. एकाने शिटी वाजवली, एकाने तिला गुलाबाचं फूल दिलं, एकाने फोटो काढला. चौथा राखणदार होता. त्याची बॅटरी उपयोगी पडते म्हणून त्याला पथकात घेतलं होतं.

तिने ते फूल हातात धरून घरापर्यंत आणलं. आणताना कोणी काही विचारलं नाही. अंगणात येऊन तिने ते बंकरमध्ये टाकलं.

“हे काय?” काळू म्हणाला.

“माझी इज्जत. ठेवा तुमच्याजवळ, खाली सुरक्षित राहील.”

मग ती नविनपाशी गेली, त्याला हलवून उठवलं आणि सांगितलं, “आजचा दिवस. संध्याकाळपर्यंत संडास चालू नाही झाला तर मी निलमला घेऊन गंजाडला जाते. ह्या वेळेला निरोप धाडू नको.”

नविन उठून बसला. हे खरं आहे हे त्याला कळलं, कारण ती ओरडली नव्हती. पण आठची पाळी चुकली तर खाडा पडतो, म्हणून तो धाकल्या गवंड्याला फोन लावत लावत कामावर गेला. शितल ग्रामपंचायतीत गेली.

ग्रामसेवक, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, घाटावरचे होते आणि त्यांच्याकडे अशी तीन गावं होती. शितलची तक्रार त्यांनी बसूनच ऐकली. फोटोचं ऐकल्यावर उठले. फोटो वर गेला असेल तर विचारणा आपल्यालाच होणार, हे त्यांना तक्रारीपेक्षा लवकर समजलं. दहा वाजता ते वही घेऊन काळूच्या अंगणात हजर झाले. मैना म्हातारी आधीच येऊन बसली होती.

“मेजर, वर या,” भाऊसाहेब म्हणाले.

“काय असेल ते तिथून बोला.”

“माझ्या नोंदीत ही जागा शौच-खड्डा क्रमांक दोन आहे. तुमचा उभ्याने फोटो आहे खड्ड्यासोबत.”

“नोंद बदला. बंकर लिहा.”

“तसा रकाना नाही.”

“मग पाडा.”

“मेजर, रकाना पाडता येत नाही. विहीर आहे, शेततळं आहे, शोषखड्डा आहे, गांडूळखताचा खड्डा आहे. ह्यातलं काय ते सांगा.”

“गांडूळच लिवा,” मैना म्हणाली. “आतमध्ये तेच आहे.”

काळूचं डोकं वाशांच्या फटीतून वर आलं. त्याने बंकर म्हणजे काय हे भाऊसाहेबांना पहिल्यापासून सांगायला घेतलं. छप्पर, मातीचा थर, गोण्या, टेहळणी, आणि मुख्य म्हणजे आत असलेल्या माणसाला बाहेरच्या कोणाचाही हुकूम लागू नसतो, फक्त वरच्या अधिकाऱ्याचा. ह्या घरात त्याच्यावरचा अधिकारी कोणी नाही. भाऊसाहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. बहुधा तारीख लिहिली.

“मानलं,” ते म्हणाले. त्यांना साडेअकराला दुसऱ्या गावात जायचं होतं. “अनुभवी माणूस आहात. बंकरमध्ये किती वर्षं काढलीत?”

काळू एका वाशाची फट बोटाने चाचपू लागला.

“अंदाजे सांगा. मला अहवालात दोन ओळी लिहायच्या आहेत. माजी सैनिक, इतकी वर्षं बंकरमध्ये राहिल्यामुळे सवय, वगैरे. म्हणजे तुम्हालाही त्रास नको.”

“चारशे बारा,” काळू म्हणाला.

“वर्षं?”

“बंकर. एवढे खणले. बर्फातले वेगळे.”

“आणि राहिलात किती?”

काळूने गोणीवरची माती हाताने झटकली. मग म्हणाला, “आमची खोदणारी पलटण. आम्ही खणायचं, वर ओंडके टाकायचे, माती टाकायची. तयार झाला की लढणारे येऊन ताबा घ्यायचे. आम्ही पुढच्या जागेला. आम्हाला तंबू असत.”

“एकदा पण नाही बसलात?” भाऊसाहेबांनी विचारलं. त्यांनी ते साध्या कुतूहलाने विचारलं.

“तपासायला उतरायचो. दोन-चार मिनिटं.”

इथे शितलला थांबता आलं असतं. पण पहाटेपासून तिच्या बोटांना त्या फुलाचा वास येत होता.

“मग हा पण तसाच समजा,” ती म्हणाली. “खणायचं तुम्ही, बसायचं दुसऱ्याने. आणि काय येऊन बसणार तेवढं ह्या खेपेला आधीच ठरलंय.”

काळूने तिच्याकडे पाहिलं. मग तो खाली गेला. भांडी वाजली. स्टोव्ह वर आला, पाठोपाठ घोंगडी, ट्रंक, आणि शेवटी शिडी चढून काळू स्वतः. भाऊसाहेबांनी वहीत ‘समजुतीने प्रश्न मिटला’ असं लिहिलं आणि खाली सही केली.

काळूने फावडं मागितलं. कोणी दिलं नाही, म्हणून स्वतः आणलं. आधी त्याने ताडाचे वासे काढून बाजूला रचले. मग झाकण पूर्ण सरकवलं, पहिली गोणी उचलली, तोंडाची शिवण फाडली आणि माती खड्ड्यात ओतली.

“अहो, हे काय करताय?” भाऊसाहेब म्हणाले.

“जागा सोडताना बुजवून सोडायची असते. खणलेलं शत्रूच्या हाती द्यायचं नाही.”

“मेजर, ही सरकारी मालमत्ता आहे.”

“खड्डा सरकारी. माती माझी.”

भाऊसाहेबांनी ह्यावर काय नियम आहे ते आठवून पाहिलं. दरम्यान तिसरी गोणी गेली. त्यांनी फोन काढला. पाड्यात रेंज फक्त फलकापाशी येत असे, म्हणून ते फलकाकडे गेले आणि तिथून परस्पर दुसऱ्या गावाला गेले.

शितल नवव्या गोणीपर्यंत उभी राहिली. तिला वाटत होतं तो थकेल. पण खोदणाऱ्या पलटणीतला माणूस बुजवताना थकत नाही. बुजवणं खणण्याच्या निम्मंसुद्धा काम नसतं. नवव्या गोणीला ती आत गेली. तिने निलमचे कपडे पिशवीत भरले, मशीनवर चादर टाकली, आणि बाहेर आली तेव्हा काळू खणताना निघालेल्या मातीचा ढीगही आत लोटून फावड्याच्या पाठीने माती चोपत होता.

“झालं समाधान?” ती म्हणाली.

“तुला पण नाही, मला पण नाही,” काळू म्हणाला. “बरोबरी.”

“तुमची काय बरोबरी. तुम्ही कुठेपण बसता.”

मैना म्हणाली, “शितल, दुपारची जीप गेली असेल गो. थांब जरा, ऊन उतरू दे.” शितल थांबली नाही. मुलीच्या डोक्यावर टॉवेल टाकून ती रस्त्याला लागली. काळूने फावडं धुतलं, जागेवर ठेवलं आणि तो बकऱ्यांच्या शेडला लावलेल्या खाटेवर जाऊन बसला.

पाच वाजता नविन धाकल्या गवंड्याला घेऊन आला. बायको गेलेली आहे, दुसरा खड्डा जमिनीबरोबर झालेला आहे आणि बाप बकरीशेजारी बसलेला आहे, असं त्याला दिसलं. तो बापाला काहीतरी बोलणार होता. पण धाकल्या मजुरीवर आलेला होता, त्याचा वेळ जात होता, म्हणून नविनने बोलणं पुढे ढकललं.

“आता पहिलाच उपसायला लागेल,” तो धाकल्याला म्हणाला. “भरलाय.”

“आधी चेंबर बघू,” धाकल्या म्हणाला. गोण्या गेल्यामुळे फरशी आता उघडी पडली होती. त्याने पहारीने ती उचकटली आणि आत पाहिलं. मग नविनला बोलावून दाखवलं.

चेंबर कोरडं होतं. मुंग्यांनी त्यात बारीक मातीचा ढीग घातला होता.

“पाणी इथपर्यंत येतच नाही,” धाकल्या म्हणाला.

त्याने पहिल्या खड्ड्याचं झाकण सरकवून बांबू खाली सोडला. बांबू वीतभर ओला होऊन आला. मग त्याने बांबूची चिवट कामटी चेंबरमधून उलटी, संडासाच्या भांड्याकडे जाणाऱ्या पाइपात घातली आणि ढोसली. तिसऱ्या ढोसणीला काहीतरी सुटलं. पाणी आलं, आणि पाण्याबरोबर सिमेंटच्या गोणीचा एक घडी केलेला तुकडा आला. बांधकाम चालू असताना पाइपात खडी पडू नये म्हणून गवंडी असा तुकडा तोंडाला कोंबतात आणि काम झालं की काढतात. हा काढायचा राहून गेला होता आणि पाइपात सरकत सरकत आता आडवा बसला होता; धाकल्याने तुकडा ओळखला, पण तसं दाखवलं नाही. तो पायाने बाजूला सारून म्हणाला, “पोरं काय पण टाकतात.”

नविन फलकापाशी जाऊन शितलला फोन लावून आला. ती अजून नाक्यावरच होती, जीप भरायची होती.

“पाणी जातं?” तिने विचारलं.

“जातं.”

“तू ओतून बघितलंस?”

“दोन बादल्या.”

मग तिने बाजूच्या बाईला, जागा धरू नको, असं सांगितलेलं नविनला ऐकू आलं. ती अंधार पडायच्या आधी घरी आली, सरळ संडासात गेली, बाहेर आली, आणि खाटेवरच्या माणसाकडे न बघता मशीनवरची चादर काढली.

योजनेचं माहितीपत्रक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवलेलं आहे. त्यात लिहिल्याप्रमाणे सहा माणसांच्या कुटुंबाला एक खड्डा पाच वर्षं पुरतो. ह्या घरात माणसं चार होती.